मूळ स्कॅन कुठे आहे? एका फोटो स्टुडिओच्या निगेटिव्हचं प्रकरण

गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने हे प्रकरण मांडलं आहे. काम मी जवळून पाहिलं. त्यातले काही निर्णय माझ्या सल्ल्याने झाले, आणि त्यातला एक चुकला.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ होता. १९५०च्या दशकात आजोबांनी सुरू केलेला, पुढे मुलाने चालवलेला आणि डिजिटल कॅमेरे आल्यावर हळूहळू बंद पडलेला. दुकानाचं शटर ओढलं तेव्हा कुणी काही फेकून दिलं नाही. निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांत, पाकिटावर नंबर, पाकिटं बुटांच्या खोक्यांत आणि खोकी चार पत्र्याच्या ट्रंकांत. नंबरांची रजिस्टरं वेगळी होती. तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, गाव, साइज, किती प्रती, उचल किती, बाकी किती.

बहुतेक निगेटिव्ह १२० च्या रोलवरच्या, सहा बाय सहाच्या चौकोनी, कृष्णधवल. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट हे तर होतंच. त्याशिवाय ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आजोबा मिळेल त्या गाडीने पाटणच्या बाजूला गेले होते. त्याचे सहा-सात रोल होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्या बाया आणि सुकडी घेण्यासाठी लागलेली रांग होती. हे फोटो कधी छापून आले नव्हते. कुणी मागितले नाहीत, म्हणून ते ट्रंकेत राहिले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. जुन्या घराच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि खालच्या दोन ट्रंका बुडाल्या. रजिस्टरं माळ्यावर होती, ती कोरडी राहिली. पुढच्या सगळ्या कामाला आधार झाला तो त्या कोरड्या रजिस्टरांचाच.

पाणी ओसरल्यावर नातू पुण्याहून आला. त्याने कुणीही केलं असतं तेच केलं. निगेटिव्ह बाहेर काढल्या आणि गच्चीवर उन्हात पसरल्या. दुपारपर्यंत त्यांच्या सुरळ्या झाल्या आणि एकावर एक पडलेल्या तशाच चिकटून सुकल्या. फिल्मवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि शेजारच्या फिल्मला चिकटून वाळला की सोडवताना चित्रासकट निघून येतो. गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी हे पाहिलं आणि मला फोन केला. "ताई, पोरानं वाळवणं घातलंय, बघा काय करायचं ते."

मी फोनवर सांगितलं, की उरलेल्या उन्हात वाळवूच नका. स्वच्छ, गार पाण्याच्या बादलीत ठेवा, पाण्याखालीच अलगद सुट्या करा आणि सावलीत दोरीवर चिमट्यांनी टांगा. दोन दिवसांत उरकणार नाहीत त्या पिशवीत घालून गोठवा. ओलं तसंच राहिलं तर बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. शेजारच्या आइसक्रीमच्या दुकानदाराने पाणी गेल्यावर चालू केलेला डीप फ्रीझर दिला. कप-कांडीच्या शेजारी एकोणीस पिशव्या गोठल्या.

अडचण

सगळं निभावल्यावर सुमारे नऊ हजारांपैकी सात हजार निगेटिव्ह हाताळता येतील अशा राहिल्या. पण काही पाकिटं उघडली की व्हिनेगरसारखा आंबट वास यायचा. अॅसिटेट या प्लास्टिकच्या फिल्मचा पाया कुजायला लागला की असा वास सुटतो आणि फिल्म आक्रसते. हा रोग शेजारच्या पाकिटांतलं कुजणंही वाढवतो. ती पाकिटं वेगळी काढली. म्हणजे काम रेंगाळून चालणार नव्हतं.

दुसरी अडचण वरवर दिसत नव्हती. नातवाला आजोबांच्या आठवणींचा सुंदर अल्बम हवा होता. बाईंना गावाचा इतिहास वाचनालयात हवा होता. मला निगेटिव्ह मेल्या तरी चित्र टिकेल अशी नक्कल हवी होती. तिघंही "फोटो डिजिटल करू या" असंच म्हणत होतो आणि तिघांच्या मनात काम वेगळं होतं. अल्बमसाठी केलेलं स्कॅनिंग आणि संग्रहासाठी केलेलं स्कॅनिंग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मला माहीत होतं. पहिल्याच बैठकीत ते स्पष्ट बोलायला हवं होतं. चहा झाला, उत्साह होता, आणि मी बोलले नाही.

समोर असलेले पर्याय

पुण्यातल्या लॅबला सगळं देणं हा पहिला. दर फ्रेममागे होता, सात हजारांना गुणल्यावर वाचनालयाच्या आवाक्याबाहेर गेला. शिवाय लॅब जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेली, बारकावे गमावणारी फाइल देणार होती आणि नाजूक निगेटिव्ह एसटीने किंवा कुरिअरने पाठवायच्या होत्या. दुसरा पर्याय लाइट बॉक्सवर निगेटिव्ह ठेवून मॅक्रो लेन्सने कॅमेऱ्यात फोटो घेण्याचा. काम भराभर होतं, पण कॅमेरा, लेन्स, स्टँड कुणाकडेच नव्हते. तिसरा म्हणजे पारदर्शक फिल्म वाचणारा फ्लॅटबेड स्कॅनर वाचनालयात बसवून कॉलेजच्या दोन मुलांना मानधनावर घेणं. आम्ही तिसरा निवडला.

किती बारकाईने स्कॅन करायचं यावर बरीच चर्चा झाली. स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय, म्हणजे इंचामागे ६४०० ठिपके, असं लिहिलेलं होतं. अशा फ्लॅटबेडची खरी ताकद त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी असते. पुढे फक्त फाइल फुगते. आम्ही २४०० धरलं. या निगेटिव्हवरचं चित्र प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर बाजूचं असतं, म्हणजे सुमारे २.२ इंच. त्यातून बाजूला ५३०० पिक्सेल मिळतात आणि एकूण जवळपास २.८ कोटी. १६ बिट ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या छटांत, टिफ (बारकावे न गमावणारी फाइल) केली की एक फाइल ५६ एमबीची. सात हजारांचे ४०० जीबी. रंगीत ४८ बिटमध्ये हेच तिप्पट झालं असतं, पदरात जास्त काही न पडता. नातू म्हणाला, "८ बिट घेतलं तर निम्म्यात होईल." ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, १६ मध्ये ६५,५३६. पुरात भिजून फिक्या पडलेल्या निगेटिव्हमध्ये सगळं चित्र थोड्याशा पट्ट्यात कोंबलेलं असतं. तो पट्टा ताणायचा तर पायऱ्या भरपूर लागतात, नाहीतर आभाळात पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. हा निर्णय बरोबर ठरला.

काय केलं

जानेवारी २०२० मध्ये काम सुरू झालं, मार्चमध्ये टाळेबंदीने थांबलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा धरलं.

पहिल्या आठवड्यातच एक घोळ सापडला. मुलांनी स्कॅनरमधला धूळ काढण्याचा पर्याय चालू ठेवला होता. तो इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात आणि धूळ अडवते, म्हणून यंत्राला धूळ वेगळी कळते. कृष्णधवल फिल्ममधलं चित्र मात्र चांदीच्या कणांचंच असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. यंत्राला चित्रच धूळ वाटतं आणि ते भरून काढतं. शाळेच्या ग्रुप फोटोत मुलांचे काळे केस मेणासारखे वितळलेले दिसायला लागले, तेव्हा कळलं. दोनशे फ्रेम पुन्हा कराव्या लागल्या. सुदैवाने लवकर लक्षात आलं.

पुढे काही आठवड्यांनी आमच्यात स्टुडिओतले जुने मदतनीस आले. आजोबांच्या डार्करूममध्ये चाळीस वर्षं काढलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते काचेवर निगेटिव्ह धरून तिरपी करायचे आणि म्हणायचे, "ही हाताची हाय." म्हणजे रिटचिंग केलेली. निगेटिव्हच्या जिलेटिनच्या बाजूवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देऊन देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं मऊ केलेली असत. निगेटिव्हवर पेन्सिलीचा काळा ठिपका म्हणजे छापल्यावर उजळ जागा. मामांनी सांगितलेलं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे: "व्रण घालवायचा, तीळ ठेवायचा. तीळ गेला तर आई म्हणती, ही आमची पोर न्हवं."

त्यांच्यामुळे चिखल पुसण्याची रीतही बदलली. मुलं मऊ कापसाने दोन्ही बाजू पुसत होती, आणि जिलेटिनच्या बाजूने पुसलं की पेन्सिलीचं काम जायचं. त्यानंतर हाताच्या कामाच्या निगेटिव्हना त्या बाजूने फक्त हवेचा फुगा, पुसणं नाही.

मोठी चूक फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. तोवर साधारण तीन हजार स्कॅन झाले होते. नातवाने पुण्याहून सांगितलं, की अल्बमसाठी काही फोटो "नीट करून" पाठवा. दोघांतला एक मुलगा फोटो एडिटिंगमध्ये हुशार होता. त्याने एक बॅच तयार केली: कडा काप, आपोआप कॉन्ट्रास्ट, शार्पन, ८ बिट, सेव्ह. संध्याकाळी चालू करून तो घरी गेला. सकाळी ६४० फाइल सुंदर झाल्या होत्या, त्याच नावाने, त्याच जागी. मूळ स्कॅन उरले नव्हते. दुसरी प्रत महिनाअखेरीला घ्यायची असं ठरलं होतं आणि महिना संपायचा होता.

त्या मुलाची चूक नव्हती, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. त्याला मूळ आणि दुरुस्त असे दोन फोल्डर आम्ही दिलेच नव्हते. स्कॅनर ज्या फोल्डरात फाइल टाकत होता, तिथेच तो काम करत होता. फाइल फक्त वाचता येतील असं कुलूप लावायला दोन मिनिटं लागतात, ती मी दिली नव्हती. दुसऱ्या प्रतीसाठी महिनाअखेर पुरेल, हाही माझाच सल्ला.

६४० निगेटिव्ह पुन्हा काढल्या. बहुतेक पुन्हा स्कॅन झाल्या. ३८ झाल्या नाहीत. पुरात भिजलेल्या त्या निगेटिव्हचा थर पहिल्याच हाताळणीत सैल झाला होता, दुसऱ्या वेळी स्कॅनरच्या चौकटीत घालताना पापुद्रा सुटला. त्या ३८ चित्रांची आज फक्त कडा कापलेली, ताणलेली, ८ बिटची प्रत आहे. त्यातल्या चार दुष्काळातल्या खडी केंद्राच्या आहेत. कडेला कोण उभं होतं, ते गेलं.

मूळ स्कॅन गेल्याचं कळलं त्याच रात्री नवी रीत घातली. स्कॅन झालेली फाइल मूळ फोल्डरात जाते आणि लगेच फक्त-वाचनीय होते. प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा काढून यादीत ठेवला जातो. हा चौसष्ट अक्षरांचा ठसा फाइलचा एक बिट बदलला तरी पूर्ण बदलतो. दर तीन महिन्यांनी यादी पडताळली की कुठे काही हललं ते कळतं. दुरुस्तीचं काम वेगळ्या फोल्डरातल्या नकलेवर. वाटायला लागणारी जेपेग तिसऱ्या फोल्डरात, आणि ती केव्हाही पुन्हा काढता येते म्हणून तिचा जीव जपायचा नाही. प्रती रोज संध्याकाळी: एक डिस्क वाचनालयात, एक नातवाच्या पुण्याच्या घरी पाठवायची, एक क्लाउडवर. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक गावाबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम. ज्या गावात पूर येतो तिथे त्यातला "गावाबाहेर" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

फाइलची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवली: स्टुडिओची खूण, रजिस्टरचा नंबर, फ्रेमचा नंबर. पाकिटावरचा नंबर तोच फाइलचा नंबर, त्यामुळे रजिस्टर उघडलं की माणूस सापडतो. माहिती मात्र मराठीतच लिहायची होती, आणि ती फाइलच्या पोटात. पहिल्या प्रयत्नात सगळं वर्णन प्रश्नचिन्हांचं झालं. फाइलमधले फोटोच्या माहितीचे जुने, आयपीटीसी नावाचे रकाने देवनागरी आपणहून ओळखत नाहीत. अक्षरसंच यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या चालणारा) आहे असं वेगळं सांगावं लागतं. नंतर आम्ही फाइलमध्ये माहिती लिहिणारं एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर वापरून एक्सएमपी या नव्या प्रकारच्या रकान्यांतच लिहायला लागलो, तिथे देवनागरी सरळ बसते. ही माहिती लिहिली की ठसा नव्याने काढायचा, नाहीतर ठसा जुळत नाही. हेही एकदा आपटून कळलं. आणि ज्यांना फोटो व्हॉट्सअॅपवर गेले, त्यांच्याकडे चित्र आकसून पोचलं आणि वर्णन वाटेतच गळलं. त्यामुळे घरच्यांना द्यायच्या फोटोखाली नाव छापूनच देतो.

एका चेहऱ्याची गोष्ट

११ डिसेंबर २०२२ ला भूकंपाला पंचावन्न वर्षं झाली. वाचनालयाने त्या रोलमधले चोवीस फोटो मोठे करून मांडले. एका फोटोत पडलेल्या भिंतीसमोर घोंगडी पांघरून एक माणूस बसला आहे. चेहऱ्यावर पुराच्या चिखलाचा डाग होता आणि माणूस हललेलाही होता. मांडणी करणाऱ्याने चेहरा स्पष्ट करणारं मोबाइल अॅप वापरलं. चेहरा झाला, अगदी डोळ्यांतल्या चमकेसकट. प्रदर्शनात त्याच फोटोसमोर गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी पाटणकडच्या एक आजी आल्या. त्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. भिंत ओळखली, घोंगडी ओळखली, दाराची चौकट ओळखली. मग बाईंना म्हणाल्या, "घर आमचं हाय. पण ह्यो माणूस कोण?"

बाई घरी गेल्या नाहीत. रात्री मूळ स्कॅन काढला. या वेळी तो होता, ठसा जुळत होता. त्यातून फक्त उजेड-अंधार सारखा करून, डाग तसाच ठेवून नवी प्रत छापली आणि सकाळी बदलली. आजींना बोलावणं पाठवलं. डागाखालून दिसणाऱ्या जबड्याच्या आणि कानाच्या रेषेवर त्यांनी बोट ठेवलं. "आण्णा. थोरले दीर माझे." रजिस्टरमध्ये त्या रोलपुढे नाव नव्हतं, नुसतं "भूकंप" लिहिलं होतं. आता नाव आहे.

ते अॅप पुसलेला चेहरा शोधून काढत नाही. हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून शिकलेलं "असा असावा" ते तिथे बसवतं. पेन्सिलीने व्रण घालवणाऱ्या मामांना समोर बसलेला माणूस माहीत होता. म्हणून त्यांच्या हाताच्या कामाला आम्ही स्टुडिओचा इतिहास म्हणून जपतो आणि अॅपच्या चेहऱ्याला संग्रहात जागा देत नाही. नातवाला हे पटायला वेळ लागला. त्याच्या अल्बमात आजीचा एक असा फोटो होता आणि त्याला तो आवडला होता. त्याने तो ठेवला आहे, खाली "अॅपने केलेला" असं लिहून.

कुणाचे फोटो?

मालकी घराण्याची, म्हणून सगळं घराण्याच्या मर्जीने, असं आम्ही आधी धरून चाललो होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे निगेटिव्ह स्टुडिओची, पण लग्नाच्या आणि स्टुडिओतल्या फोटोंचा हक्क बहुधा गिऱ्हाइकाचा. आजोबांनी स्वतःहून काढलेले भूकंपाचे, दुष्काळाचे फोटो वेगळ्या खात्यात येतात.

कायद्यापलीकडचा प्रश्न जास्त अवघड होता. रजिस्टरमध्ये कितीतरी नोंदींपुढे "स्थळासाठी" लिहिलं आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. काही नोंदी अंत्यदर्शनाच्या. हे फोटो चार घरांत फिरण्यासाठी किंवा एकाच घरात राहण्यासाठी काढले होते. बाईंनी एका वाक्यात निर्णय दिला: "त्या पोरी आता कुणाच्या आज्या आहेत, त्यांना विचारल्याशिवाय भिंतीवर नाही." सार्वजनिक प्रसंगांचे फोटो खुले, बाकीचे जपून ठेवलेले आणि घरच्यांनी मागितले तर त्यांना विनामूल्य.

निकाल

६,८०० च्या आसपास मूळ स्कॅन तीन ठिकाणी आहेत. ठशांची पडताळणी दर तिमाहीला होते. एकदा पुण्यातल्या डिस्कवरच्या ११ फाइल बिघडलेल्या सापडल्या आणि दुसऱ्या प्रतीवरून भरून काढल्या. डिस्क बदलली. वर्णनं मात्र निम्म्याहून कमी फोटोंना आहेत. स्कॅनर रोज चालू शकतो; ओळखणारी माणसं रोज भेटत नाहीत. बाई दर गुरुवारी दुपारी टीव्हीच्या पडद्यावर तीस फोटो दाखवतात, गावातली म्हातारी मंडळी येतात आणि मुलं लिहून घेतात.

पुन्हा करायचं झालं तर

स्कॅनरऐवजी कॅमेरा. सैल थराच्या निगेटिव्ह चौकटीत दाबाव्या लागल्या नसत्या, लाइट बॉक्सवर नुसत्या ठेवून झालं असतं, आणि ते ३८ बहुधा वाचले असते. भाड्याने का होईना, मॅक्रो लेन्स मिळवायला हवी होती. पहिल्या बैठकीत मी खर्चाचा हिशोब मांडला, हाताळणीचा मांडला नाही.

वाळवणाआधीचा एक फोन. पूर दरवर्षी येत नाही, पण कृष्णाकाठी तो येतो हे सगळ्यांना माहीत आहे. वाचनालयाने आता पावसाळ्याआधी गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना एक कागद वाटला आहे: उन्हात नको, गार पाण्यात, सावलीत, उरलेलं फ्रीझरमध्ये. एवढ्याच चार ओळी आणि बाईंचा नंबर.

मामांना पहिल्या दिवसापासून बसवायला हवं होतं. ते दहाव्या आठवड्यात आले, तोवर पेन्सिलीचं काम असलेल्या किती निगेटिव्ह पुसल्या गेल्या, याची नोंद आमच्याकडे नाही.

एकोणीसपैकी एक पिशवी अजून गोठलेलीच आहे. आइसक्रीमवाल्याकडून ती नातवाच्या आईच्या फ्रीझरमध्ये आली. वर मामांच्या अक्षरात "कोयना, रोल ५" लिहिलं आहे. थंडीत, कॅमेऱ्याची सोय झाल्यावर, ती गार पाण्यात उघडायची असं ठरलं आहे. पाटणच्या आजींना त्या दिवशी बोलावणार आहोत.